शंखी गोगलगाय आपल्या वावरात आली कुठून, आणि तिचा माग कसा काढायचा

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीकडच्या एका संत्रा बागायतदार भाऊंनी विचारलं आहे : "तीन-चार वर्षांपासून आमच्या बगीच्यात आणि लागूनच्या सोयाबीनमध्ये मोठ्या शंखी गोगलगायी निघत आहेत. कोणी म्हणतं आफ्रिकेतून आल्या, कोणी म्हणतं नाल्याच्या पुरानं आल्या. बाबा म्हणतात, विहीर खोदताना दगडात शंख निघायचे, म्हणजे त्या इथल्याच आहेत, आता फक्त वाढल्या. खरं काय? आणि आमच्या गावात त्या नेमक्या कुठून शिरल्या, हे शोधता येतं का?"

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. शोधता येतं. आणि गावाच्या पातळीवर ते काम कोणत्याही प्रयोगशाळेपेक्षा तुमची गावातली माणसं जास्त चांगलं करू शकतात. त्याचं कारण पुढे येईलच. आधी बाबांचं म्हणणं घेऊ, कारण ते उडवून लावण्यासारखं अजिबात नाही.

विदर्भातल्या काळ्या दगडाच्या थरांमध्ये ठिकठिकाणी गाळाच्या दगडाचे पातळ थर सापडतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहत होता. एक थर थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये मोठा काळ जायचा, सखल जागी तळी साचायची आणि त्या तळ्यांत गोगलगायी नांदायच्या. पुढचा लाव्हा आला की सगळं गाडलं जायचं. ज्यांच्या नावानं नागपुरात हिस्लॉप कॉलेज आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला नागपूरच्या टाकळी भागातून असे शंख गोळा केले आणि १८६० मध्ये त्यांवर लिहिलं. त्यात सगळ्यात जास्त डोळ्यांत भरणारा शंख फायसा प्रिन्सेपी या जातीचा. बाबांनी पाहिलेले दगडी शंख याच कुळीतले असण्याची शक्यता मोठी आहे. एखादा जपून ठेवला असेल तर तपासणी घरच्या घरी होते. टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून शंख धरा. फायसाचं तोंड डाव्या हाताला येतं. तुमच्या बगीच्यातल्या गोगलगायीचा शंख तसाच धरला तर तोंड उजव्या हाताला येईल. दगडातली गोगलगाय गोड्या पाण्यातली होती, बगीच्यातली जमिनीवरची आहे, आणि दोघींचं कूळही वेगळं आहे. तेव्हा बाबांनी पाहिलं ते खरं, फक्त त्या शंखांचा आजच्या गोगलगायीशी संबंध नाही.

दुसरा गोंधळ जिवंत गोगलगायींचा असतो. विहिरीत, तळ्यात, पाटाच्या पाण्यात राहणारी गोल, हिरवट-तपकिरी गोगलगाय आपल्याकडे पूर्वीपासून आहे. तिच्या तोंडावर कडक झाकण असतं. पाणी ओसरलं की तिचे रिकामे शंख वावरात पडलेले दिसतात आणि लोक म्हणतात, "आमच्याकडे तर या पहिल्यापासून होत्या." शंखी गोगलगायीला असं कडक झाकण नसतं. कोरड्या दिवसांत ती तोंडावर पांढरट पापुद्रा धरते, तो बोटानं फुटतो. तिचा शंख उभट, टोकदार, पूर्ण वाढला की हाताच्या पंजाएवढा आणि त्यावर फिकट अंगावर तपकिरी उभे पट्टे. शंखाच्या तोंडातून आत पाहिलं तर मधला खांब खाली एकदम कापल्यासारखा संपतो. ही खूण सगळ्यात भरवशाची, कारण रंग उन्हानं जातो पण हा खांब बदलत नाही. आपल्याकडच्या जमिनीवरच्या देशी गोगलगायी बहुतेक चपट्या, चकलीसारख्या गुंडाळलेल्या किंवा अगदी बारीक असतात. पालापाचोळा, बुरशी, शेवाळ यांवर त्या जगतात आणि पिकाला क्वचितच हात लावतात. भारतात जमिनीवरच्या गोगलगायींच्या हजाराहून जास्त जाती आहेत. आधी ओळख पटवायची ती एवढ्यासाठी, की शंखीच्या रागात त्या मारल्या जाऊ नयेत.

आता आफ्रिकेचं. ते खरं आहे. या जातीचं शास्त्रीय नाव लिसाकॅटिना फुलिका, जुन्या पुस्तकांत अॅकॅटिना फुलिका. तिचं मूळ घर पूर्व आफ्रिकेचा किनारपट्टा, आजच्या केनिया आणि टांझानियाचा भाग. तिथून ती मादागास्करला आणि हिंदी महासागरातल्या बेटांवर गेली. खाण्यासाठी आणि छातीच्या दुखण्यावर औषध म्हणून लोक तिला नेत असत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती मॉरिशसवर होती. भारतात ती कशी आली याची नोंद विलक्षण स्पष्ट आहे, आणि अशी नोंद फार थोड्या परक्या जिवांच्या बाबतीत मिळते. विल्यम हेन्री बेन्सन हे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले अधिकारी आणि शंखांचे मोठे अभ्यासक होते. १८४७ मध्ये त्यांनी मॉरिशसहून जिवंत गोगलगायी कलकत्त्याला आणल्या आणि त्या चौरंगी भागातल्या एका बागेत सुटल्या. भारतातला तिचा वंश तिथून सुरू झाला. पुढे शंभरेक वर्षांनी, १९४० च्या दशकात, ओडिशातल्या बालासोर भागात तिनं पिकांवर मोठा हल्ला केला.

बाकी जगात तिला नेणारे हात वेगवेगळे, पण हात माणसाचेच. १९०० च्या सुमारास ती श्रीलंकेत पोहोचली, नंतर मलायात. १९३० च्या दशकात खाण्यासाठी तैवानला नेली गेली, १९३६ मध्ये हवाईला. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याबरोबर पॅसिफिकच्या कितीतरी बेटांवर पोहोचली. ब्राझीलमध्ये १९८० च्या दशकात खाण्याची गोगलगाय म्हणून पाळायला आणली, गिऱ्हाईक मिळालं नाही आणि ती सुटली. सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या फ्लोरिडाचं आहे. १९६६ मध्ये एका मुलानं हवाईहून तीन गोगलगायी चोरून मायामीला आणल्या आणि त्याच्या आजीनं त्या बागेत सोडल्या. सात वर्षांत तिथे १८,००० हून जास्त गोगलगायी सापडल्या. त्या संपवायला १९७५ साल उजाडलं आणि दहा लाख डॉलरहून जास्त पैसा लागला. पुढे २०११ मध्ये ती तिथे पुन्हा आली आणि दहा वर्षं पुन्हा तेच काम करावं लागलं.

हा सगळा इतिहास मी इतका सांगतो आहे त्याला कारण आहे. आपल्याकडे या गोगलगायीबद्दल बोलताना ती "पसरत पसरत आली" असं म्हटलं जातं, आणि त्यामुळे शेतकरी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, डोळे लावून बसतो. जरा हिशेब करून पाहा. ओल्या रात्री वर्षातून १०० धरा. दर रात्री ती एकाच दिशेनं सरळ १० मीटर पुढे सरकते असं समजा. खरं तर ती तशी चालत नाही, खाऊन झालं की उजाडायच्या आत बहुधा आडोशाला परतते. तरी धरू. म्हणजे वर्षाला १ किलोमीटर. कलकत्ता ते नागपूर रेल्वेनं ११०० किलोमीटरच्या वर आहे. तिला चालत यायला ११०० वर्षं लागली असती, आणि १८४७ पासून अजून १८० वर्षंही झालेली नाहीत. ती आली ती कशावर तरी बसून, कोणाच्या तरी मालासोबत. एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर ती स्वतः जाते. एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात तिला आपण नेतो. माग काढायचा तो मालाच्या वाटेचा.

"मग तपासणी करून सांगता येणार नाही का, आमची गोगलगाय कलकत्त्याची की पुण्याची?" असं मला बरेच जण विचारतात. प्रयोगशाळेत काय होतं ते सांगतो. गोगलगायीच्या पायाच्या मांसाचा लहानसा तुकडा घेऊन त्यातल्या एखाद्या जनुकाची अक्षरं वाचली जातात आणि जगभरच्या नमुन्यांशी ताडून पाहिली जातात. मूळ घर ओळखायची कसोटी सोपी आहे. जिथे एखादा जीव लाखो वर्षं राहिला आहे, तिथे त्याच्यात लहान-लहान फरक साठत गेलेले असतात, म्हणून तिथे प्रकार जास्त मिळतात. जिथे तो मूठभर संख्येनं नुकताच आला आहे, तिथे त्या मुठीत जेवढे प्रकार होते तेवढेच दिसतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अगदी हेच दिसलं. पूर्व आफ्रिकेत आणि हिंदी महासागरातल्या बेटांवर अनेक प्रकार, आणि त्याबाहेर आशियात, पॅसिफिकमध्ये बहुतेक ठिकाणी एकच प्रकार. कागदोपत्री इतिहास जे सांगत होता, आफ्रिका, मग बेटं, मग उरलेलं जग, तेच गोगलगायीच्या शरीरानंही सांगितलं.

पण याच निकालामुळे गावाच्या पातळीवर ही तपासणी उपयोगाची राहत नाही. सगळीकडे एकच प्रकार असेल तर अमरावतीची गोगलगाय आणि कोलकात्याची गोगलगाय त्या जनुकात सारखीच दिसणार. जास्त बारीक फरक दाखवणाऱ्या तपासण्या आहेत, पण त्यांना शेकडो ठिकाणचे नमुने आणि मोठा खर्च लागतो. आणि त्या सगळ्यानंतरही तुमच्या गावात ती कोणत्या गटात, म्हणजे कोणत्या गट नंबरच्या वावरात, पहिल्यांदा उतरली हे जनुकात लिहिलेलं नसतं. ते लोकांच्या आठवणीत असतं, फायलीतल्या बिलांत असतं आणि धुऱ्यावर पडलेल्या जुन्या शंखांत असतं.

गावात माग काढताना तीच कसोटी वापरायची, फक्त प्रमाण बदलायचं. जनुकांच्या प्रकारांऐवजी वयाचे प्रकार पाहायचे. जिथे गोगलगाय सगळ्यात आधी आली तिथे अंडी, बोटाच्या पेराएवढी पिल्लं, मध्यम, तोंडाची कड जाड झालेल्या म्हाताऱ्या, आणि उन्हानं पांढरे फटक पडलेले रिकामे शंख हे सगळं एकत्र मिळतं. जिथे ती अलीकडे पोहोचली तिथे बहुतेक एकाच मापाच्या गोगलगायी असतात आणि जुने शंख जवळजवळ नसतात. तपकिरी पट्टे असलेला रिकामा शंख ताजा समजा. पट्टे उडून वरचं साल सुटलेला, चुन्यासारखा पांढरा शंख जुना. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी भरपूर असल्यानं असे जुने शंख लवकर झिजून जात नाहीत, हा आपला फायदाच आहे.

काम असं करा. गावाचा गट नंबरांचा नकाशा मिळवा आणि त्याची मोठी प्रत काढा. जून-जुलैत पहिला चांगला पाऊस झाला की रात्री आठनंतर बॅटरी घेऊन किंवा पहाटे ऊन पडायच्या आधी निघा. प्रत्येक गटात दोघांनी मिळून सारखाच वेळ शोधायचं, समजा पंधरा मिनिटं. वेळ सारखा ठेवला तरच एका गटाचा आकडा दुसऱ्याशी ताडता येतो. एकानं अर्धा तास शोधून चाळीस आणल्या आणि दुसऱ्यानं पाच मिनिटांत दहा, तर त्यावरून काही ठरत नाही. लहान, मध्यम, मोठ्या आणि रिकाम्या, जुन्या, ताज्या असे वेगवेगळे आकडे नकाशावर लिहा. आणि जिथे एकही मिळाली नाही तिथे शून्य लिहा. हे शून्य फार मोलाचं असतं. कोरी जागा म्हणजे "पाहिलं नाही", शून्य म्हणजे "पाहिलं, नाही". लोक नेमकं हेच लिहायचं सोडतात आणि मग नकाशावर सगळ्या गावात गोगलगाय असल्यासारखं वाटतं.

मग विचारपूस. इथे घाई करू नका. "कोणत्या साली पहिल्यांदा दिसली?" असं विचारलं तर कोणी काहीही सांगतो. आपल्या लोकांना सालाचा आकडा आठवत नाही, घटना आठवते. नोटाबंदीच्या आधी की नंतर? बोंडअळीच्या साली होती का? लॉकडाऊनमध्ये? सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला त्या खरिपात? असं विचारलं की उत्तर वर्ष-दीड वर्षाच्या आत येतं. प्रत्येकाला वेगळं विचारा. पारावर चार जणांत विचारलं तर पहिला जे बोलेल तेच बाकीचे म्हणतात. आणि निंदणाला जाणाऱ्या बायांना आधी विचारा. मालक बांधावरून पाहतो, त्या वाफ्यात बसून प्रत्येक झाडाचा बुंधा पाहतात. मी ज्या ज्या गावात हे काम केलं तिथे सगळ्यात जुनी आणि सगळ्यात पक्की आठवण त्यांचीच निघाली. विचारताना सोबत दोन शंख ठेवा, एक पाण्यातल्या गोगलगायीचा आणि एक शंखीचा, म्हणजे गल्लत होणार नाही.

पहिल्यांदा दिसल्याचं साल मिळालं की त्याच्या एक-दोन वर्षं मागे जा. कारण ही गोगलगाय पोहोचते त्या वर्षी दिसत नाही. दिवसा ती लपलेली असते, पिल्लं मातीत राहतात, आणि लोकांचं लक्ष जातं ते रोपं कुरतडली जायला लागल्यावर. या मधल्या काळात त्या गटात बाहेरून काय आलं, हा खरा प्रश्न. संत्र्याची, लिंबाची, आंब्याची कलमं पिशवीतल्या मातीसकट आली का? केळीचे कंद? ट्रॉलीभर शेणखत किंवा गांडूळखत दुसऱ्या गावातून घेतलं का? घराच्या बांधकामाच्या विटा, मुरूम, रेती, धुऱ्यावर रचायचे गोटे? दुसऱ्या वावरात वापरलेले ठिबकचे पाइप? शोभेच्या कुंड्या? फळबाग योजनेतली लागवड असेल तर रोपांची बिलं अनुदानाच्या फायलीत जपून ठेवलेली असतात, त्यावर तारीख आणि नर्सरीचं गाव असतं. इतकी पक्की तारीख दुसरीकडे कुठे मिळत नाही.

एक मोठी गोगलगाय पुरेशी असते, हेही लक्षात ठेवा. प्रत्येक गोगलगायीत नर-मादी दोन्ही अवयव असतात. जोडीदार सहसा लागतो, पण एकदा संग झाला की ती त्याचं बीज महिनोन्महिने अंगात साठवून ठेवते. आधीच फळलेली एकटी गोगलगाय नव्या जागी उतरली तरी अंडी घालते, एका वेळी १०० ते ४०० पर्यंत. अंडी मोहरीपेक्षा मोठी, ज्वारीच्या दाण्याएवढी, पिवळसर पांढरी, ओल्या मातीत गठ्ठ्यानं असतात. पिशवीतल्या मातीत ती सहज येतात आणि खत समजून कोणी पाहतही नाही. उन्हाळ्यात तोंडावर पापुद्रा धरून झोपलेली गोगलगाय विटांच्या किंवा गोट्यांच्या ढिगात अन्नपाण्यावाचून कित्येक महिने तग धरते. ट्रकनं ती कुठून कुठे जाईल याला मर्यादा नाही.

आता पुराचं. पूर तिला नेतो, यात शंका नाही. पण पूर उताराकडे नेतो. नाल्याच्या दोन्ही काठांच्या गटांचे आकडे नकाशावर पाहा. तुमच्या बगीच्याच्या वरच्या बाजूला, उगमाकडे, त्या नाल्यालगत गोगलगाय आहे का? असेल तर पुरानं आली म्हणायला जागा आहे आणि मग वरच्या गावात जाऊन विचारावं लागेल. वर शून्य आणि तुमच्यापासून खाली सगळीकडे असेल, तर पूर तिला तुमच्याकडे घेऊन आला नाही, तुमच्याकडून पुढे घेऊन गेला. एका गावात सगळ्यांचं बोट नाल्याकडे होतं. नकाशा भरल्यावर जुन्या शंखांचा सगळ्यात मोठा साठा नाल्यापासून लांब, चढावर, एका गोठ्यामागच्या खताच्या खड्ड्याभोवती निघाला आणि तिथून आकडे चारी बाजूंना कमी होत गेले. नाल्याकाठी होत्या त्या सगळ्या एकाच मापाच्या. नाल्यात औषध टाकण्याची तयारी चालली होती, ती थांबली, आणि चार गावांचं पाणी वाचलं.

नकाशावरचा आकार बरंच काही सांगतो. एका बगीच्याभोवती गोल दाटी असेल तर रोपं किंवा खत. रस्त्याच्या कडेनं तुटक ठिपके असतील तर वाहतुकीचा माल. गावठाणात घरांच्या भिंतींजवळ असेल तर विटा, कुंड्या, रेती. भिंतींजवळ ती तशीही जमते, कारण शंख वाढवायला तिला चुना लागतो आणि चुन्याची किंवा सिमेंटची भिंत ती खरवडते.

यावरून तुमच्या प्रश्नातला न विचारलेला भागही सुटतो : इतकी वर्षं नव्हती, मग आताच का बस्तान बसलं? विदर्भाचा मे महिना तिला आवडण्यासारखा नाही. पण ठिबकखालची संत्र्याची बाग म्हणजे वर्षभर सावली, ओल, पालापाचोळा आणि खाली चुनखडीची जमीन. उन्हाळा ती तिथे काढते आणि मृगाचा पाऊस पडला की लागूनच्या सोयाबीनच्या कोवळ्या दलांवर जाते. बगीचा तिचं घर आणि सोयाबीन तिचं ताट, असं हे जोडकाम आहे. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव भागात सोयाबीनची रोपं उगवताच फस्त झाली आणि शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली. ते आपल्याकडे होऊ नये असं वाटत असेल तर बगीच्यातलं घर आधी शोधलं पाहिजे.

तसं शोधायला आंबिया बहाराचा ताण उत्तम वेळ आहे. संत्र्याला फुलं यावीत म्हणून डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडलं की बाग कोरडी पडते आणि गोगलगायी उरलेल्या ओलीकडे गोळा होतात : गळका ठिबकचा जोड, फिल्टरखालची जागा, विहिरीचा काठ, खताचा ढीग. एरवी दोन एकरांत विखुरलेल्या गोगलगायी तेव्हा चार-पाच जागी मिळतात. मे महिन्यात धुऱ्यावरचे गोट्यांचे ढीग उलथले तरी झोपलेल्या सापडतात.

केंद्र सापडलं की जोर तिथेच लावा. सगळ्या गावात थोडं-थोडं करण्यापेक्षा त्या दोन-तीन गटांत पहिल्या पावसानंतरचे पंधरा दिवस रोज गोगलगायी वेचणं जास्त कामाचं, कारण तेव्हा त्या अंडी घालायच्या बेतात असतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी अंथरा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोळा करा, मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाका आणि खड्ड्यात चुना घालून पुरा. मीठ वावरात टाकू नका, जमीन खराब होते. हातमोजे घाला आणि पोरांना हात लावू देऊ नका. या गोगलगायीच्या अंगात उंदरांच्या फुप्फुसातल्या एका जंताची पिल्लं असू शकतात आणि ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज येते. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात, पण त्या कुत्र्यांना आणि गुरांनाही मारतात, म्हणून कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्याशिवाय वापरू नका. एक गोष्ट तुमच्या हातात आधीच आहे. डिंक्या रोगासाठी झाडाच्या बुंध्याला आपण बोर्डो मलम, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावतो. मोरचुदात तांबं असतं. गोगलगायीला तांबं सोसत नाही. कॅलिफोर्नियात संत्रावर्गीय बागांत दुसऱ्या एका गोगलगायीसाठी बुंध्यावर बोर्डोचाच पट्टा मारतात. तेव्हा पावसाळ्याआधीचा मलम चुकवू नका आणि जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा, नाहीतर ती बुंधा टाळून फांदीवरून चढते.

कोणी "हिला खाणारी दुसरी गोगलगाय आणा" असं सुचवलं तर ठाम नकार द्या. हवाईत १९५५ मध्ये फ्लोरिडाहून शिकारी गुलाबी गोगलगाय याच कामासाठी आणली. तिनं शंखी सोडून तिथल्या देशी, झाडांवर राहणाऱ्या गोगलगायी खाल्ल्या, आणि जगात दुसरीकडे कुठेही नसलेल्या त्यातल्या कित्येक जाती कायमच्या संपल्या. १९७७ मध्ये मुरेआ बेटावर तीच गोष्ट पुन्हा घडली. आपल्या मेळघाटात आणि सातपुड्याच्या उतारांवर काय काय देशी गोगलगायी आहेत याची मोजदाद अजून व्हायची आहे. त्यांच्यावर असा प्रयोग होता कामा नये.

शेवटी नव्या मालाची वाट. पुढच्या लागवडीची रोपं थेट बगीच्यात नेऊ नका. विहिरीजवळच्या मोकळ्या, उघड्या जागी सिमेंटच्या ओट्यावर किंवा प्लॅस्टिकवर तीन आठवडे ठेवा, भोवती चुन्याची रुंद पट्टी मारा आणि पाणी दिल्यावर रात्री बॅटरीनं तपासा. अंडी असतील तर तेवढ्या मुदतीत बहुतेक फुटून पिल्लं वर येतात. मिळाली तर ती पिशवी वेगळी काढा आणि ज्यांच्याकडून रोपं घेतली त्यांना शांतपणे कळवा, कारण त्यांच्याकडेही ती कुठून तरी आलेलीच असते आणि तुमच्या फोनमुळे त्यांचा माग एक पाऊल मागे जाऊ शकतो.

नकाशा तयार झाला की त्याची एक प्रत आणि पाच-सहा शंख जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात किंवा भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्याच्या केंद्रात द्या. लहान, मध्यम, मोठे असे तिन्ही मापांचे निवडा, धुऊन, सावलीत वाळवून. जनुक तपासणीसाठी मांस हवं असेल तर ते कॉलेजच्या मदतीनं तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवा, फॉर्मेलिनमध्ये नको, त्यानं जनुकाची अक्षरं वाचता येत नाहीत. बाटलीच्या आत एक कागद टाका. त्यावर गाव, तालुका, गट नंबर, तारीख, कोणत्या झाडाखाली मिळाली आणि वेचणाऱ्याचं नाव लिहा. लिहायचं ते पेन्सिलीनं. पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि कागद कोरा होतो.